दोन वह्या : विद्यापीठातली वसतिगृहं आणि मेस कोण चालवतं?

(वसतिगृहांच्या रेक्टर, मेसमध्ये काम करणाऱ्या बाया आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या सत्राला 'विद्यापीठातील निवास व भोजनव्यवस्थेचे नेतृत्व' असं भारदस्त नाव दिलं आहे. विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच दोघी-तिघींनी विचारलं, की यात स्त्री-प्रश्न कुठे आला? खोल्या वाटणं, गळका नळ दुरुस्त करून घेणं, डाळीत अळी निघाली की ठेकेदाराला बोलावणं, हे तर प्रशासनाचं काम. आपण हिंसाचारावर बोलावं, कायद्यावर बोलावं. मी एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून लागले तेव्हा माझ्याबरोबर एम.एस.डब्ल्यू. केलेल्या मैत्रिणींनीही हेच विचारलं होतं. "एवढं शिकून तू आता मुलींच्या पोळ्या मोजणार?" सहा वर्षं मोजल्या. मोजताना जे दिसलं ते आज तुमच्यापुढे मांडते.

कुठल्याही मुलींच्या वसतिगृहात जा. दारातच, चौकीदाराच्या टेबलावर, दोरीने पेन बांधलेली एक जाड वही असते. नाव, खोली क्रमांक, कुठे गेली, किती वाजता गेली, किती वाजता आली, सही. या वहीला फार जपतात. भरली की कपाटात कुलूप लावून ठेवतात, पालक आले की काढून दाखवतात. दुसरी वही मेसची. महिन्यात धान्य किती आलं, तेल किती लागलं, गॅसच्या टाक्या किती, जेवल्या किती जणी, खाडे किती, पोळ्या लाटणाऱ्या बायांना पगार किती दिला आणि ठेकेदाराच्या हाती काय उरलं. ही वही मुलींनी कधी पाहिलेली नसते. पुष्कळ ठिकाणी रेक्टरनेही पाहिलेली नसते. ती ठेकेदाराकडे असते, नाहीतर लेखा विभागात. म्हणजे बाई कुठे गेली याचा हिशोब बाईच्या हातात, आणि पैसा कुठे गेला याचा हिशोब दुसऱ्याच्या हातात. माझं आजचं सगळं म्हणणं या दोन वह्यांबद्दल आहे.

आपल्याकडे बायकांच्या शिक्षणाचा इतिहास शाळांचा म्हणून सांगतात. तो तितकाच राहण्या-जेवण्याच्या सोयीचाही आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. नुसती शाळा काढून भागणार नव्हतं. विधवा मुलीला घरातून उचलून शिकवायचं तर ती झोपणार कुठे, जेवणार काय, कोणाच्या हातचं जेवणार, हे आधी सोडवावं लागणार होतं. म्हणून रमाबाईंनी, स्वतः ख्रिस्ती असूनही, मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक ठेवली. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो १९०० मध्ये हिंगण्याला गेला, आणि १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ उभं राहिलं. ही सनावळी आपल्याला पाठ आहे. पण बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमाचं काम सांभाळलं, गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, अमेरिकेत जाऊन तिथल्या घरांमध्ये घरकाम करत राहिल्या आणि आश्रमासाठी पैसा जमवला, हे आपण 'सेवा' या एका शब्दात गुंडाळून टाकतो.

साताऱ्याचं उदाहरण तर प्रत्येकीला माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तिथे सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. दरवर्षी भाषणांमध्ये हे सांगतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझा प्रश्न वेगळा आहे. १९२० च्या दशकात वेगवेगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवून रोज दोन वेळा जेवू घालायचं, दाणे संपत आले की पुढच्या आठवड्याचं बघायचं, आजारी पोराला वेगळं काही करून द्यायचं, हे चालवणं म्हणजे काय होतं? ते व्यवस्थापन होतं. त्याला आपण त्याग म्हणालो, आणि त्यागाचा हिशोब कोणी लिहून ठेवत नाही. बाईने दागिना दिला तर तो इतिहासात जातो. तिने धान्याचा अंदाज बरोबर काढला तर तो कुठेच जात नाही.

इंग्लंडातही काही निराळं नव्हतं. व्हर्जिनिया वुल्फ १९२८ मध्ये केंब्रिजच्या मुलींच्या दोन कॉलेजांमध्ये बोलायला गेली. त्यावरून तिने पुढच्या वर्षी जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं त्यात ती बायकांच्या प्रतिभेची चर्चा करता करता जेवणाच्या टेबलावर येते. मुलग्यांच्या कॉलेजातलं भरगच्च जेवण आणि मुलींच्या कॉलेजातलं फिकं, काटकसरीचं जेवण तिने शेजारी शेजारी ठेवलं आहे. स्वतःच्या खोलीचं बोलणं आपण सगळ्यांनी उचललं, जेवणाचं मात्र मागे राहिलं.

आता आजच्या रेक्टरकडे वळू. इथे तुम्ही बऱ्याच जणी बसल्या आहात, तुम्हाला सांगायची गरज नाही. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर बहुतेक वेळा कोणीतरी अध्यापिका असते आणि हे काम तिच्यावर 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून आलेलं असतं. मुलींमध्येच तिने राहायचं, रात्री दोन वाजता कोणाच्या पोटात दुखलं तर तिने उठायचं. नेमणूक करताना सांगतात, "मॅडम, तुम्ही मुलींना आईसारखं सांभाळाल." मुलग्यांच्या रेक्टरला कोणी 'वडलांसारखं' म्हणत नाही. त्याला क्वार्टर मिळतं आणि तो सकाळी येऊन सह्या करून जातो. आई म्हटलं की दोन गोष्टी आपोआप येतात. तिच्या वेळेला दाम नसतो, आणि मुलीचं पाऊल वाकडं पडलं तर बोल तिलाच लागतो. खरेदी ठरते खरेदी समितीत, निविदा उघडते कुलसचिवांच्या दालनात, मेसचा दर ठरतो वित्त विभागात. रेक्टरकडे उरतं फाटक. मग ती फाटकच चालवते. मुली तिला सासू म्हणतात. कधी कधी ती सासू असतेही, हे मी नाकारत नाही. पण घरात ज्या सुनेला काही मिळालं नाही तिच्या हाती पुढे नुसत्या किल्ल्या दिल्या की ती त्या कशा वापरते, हे आपण घरोघरी पाहिलेलं आहे.

पहिल्या वहीविरुद्ध गेल्या दहा-बारा वर्षांत मुली जोरात लढल्या आहेत. दिल्लीत २०१५ मध्ये जामिया मिलियाने मुलींची रात्री उशिरा परतायची परवानगी रद्द केली. त्यातून 'पिंजरा तोड' उभं राहिलं आणि शहरातल्या बाकीच्या कॉलेजांमध्ये पसरलं. बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली, मुली सिंहद्वारावर बसल्या आणि रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात २०१८ च्या अखेरीस मुली आठवडेच्या आठवडे धरणं धरून बसल्या आणि चोवीस तास ये-जा करण्याचा हक्क मिळवून उठल्या. २०२२ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी केरळ उच्च न्यायालयात गेल्या आणि तिथल्या सरकारला मुलगे-मुली दोघांसाठी एकच वेळ ठरवावी लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाबाबतचे विनियम २०१६ मध्ये राजपत्रात आले. सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलग्यांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लिहून घ्या, फाटकावर वाद घालताना उपयोगी पडतं.

हे सगळं मोलाचं आहे. पण फाटक उघडलं आणि ताट बंद राहिलं तर काय होतं, हे एका मुलीच्या निमित्ताने सांगते. नाव, गाव सांगत नाही.

ती दुष्काळी तालुक्यातली, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, वय वीस पूर्ण. ऑक्टोबरात एका दुपारी तिचे वडील आणि दोन नातेवाईक जीप घेऊन आले. "मॅडम, पोरगी न्यायला आलोय. पाव्हणे बघून गेलेत, आता थांबता येत न्हाई." आमच्या नियमपुस्तिकेत कलम होतं, की पालकांनी लेखी मागणी केल्यास विद्यार्थिनीला त्यांच्या स्वाधीन करावं. वीस वर्षांच्या बाईला 'स्वाधीन' करायचं, जणू पोस्टातलं पार्सल. मी म्हटलं, "काका, बसा, चहा घ्या. तिला बोलावते. ती म्हणेल तसं." ती आली. वडलांना म्हणाली, "आण्णा, परीक्षा झाल्यावर बोलू." मग बरीच बोलाचाली झाली, ती सांगत बसत नाही. शेवटी मी तिला दारातली वही दिली आणि म्हटलं, तुला जायचं असेल तर यात लिही. तिने नाव लिहिलं, खोली क्रमांक लिहिला आणि 'कुठे जाणार' या रकान्यात लिहिलं, 'कुठेही नाही.' खाली सही केली. जीप रिकामी गेली.

इथवरची गोष्ट ऐकली की सभेत टाळ्या पडतात. पुढची अशी, की घरून पैसे बंद झाले. खोलीचं भाडं वर्षाचं आधीच भरलेलं होतं, तिथे अडचण नव्हती. मेसचे पैसे महिन्याला. डिसेंबरात मेसच्या दारावरच्या थकबाकीदारांच्या फळ्यावर तिचं नाव लागलं आणि कूपन बंद झालं. दोघी मैत्रिणी आळीपाळीने तिला आपल्या ताटात जेवायला घेऊ लागल्या. ठेकेदाराच्या माणसाने हरकत घेतली, एका ताटात दोघी चालणार नाही. ज्या बाईला बापाची जीप हलवू शकली नव्हती, तिला एक कूपन महिनाभरात घरी पाठवू शकलं असतं. फाटकावर माझा अधिकार चालत होता. ताटावर काही चालत नव्हता. मी वर पत्र लिहिलं. उत्तर आलं, अशी तरतूद नाही.

मग आम्ही दुसऱ्या वहीकडे वळलो. सगळ्या रेक्टरांनी इकडे लक्ष द्या. ठेकेदाराचं महिन्याचं बिल रेक्टरच्या दाखल्याशिवाय पास होत नाही. 'सेवा समाधानकारक, इतक्या विद्यार्थिनी जेवल्या' असा तो दाखला असतो. आपण तो महिन्याच्या शेवटी, घाईत, उभ्या उभ्या सही करून देतो. मी सांगितलं, किती जणी जेवल्या ते मला वही पाहिल्याशिवाय कसं कळणार? वही आणा. तीन आठवडे तणातणी झाली. वरून फोन आले, मॅडम, मुलींचं जेवण बंद पडेल. मुलींनी सांगितलं, पडू द्या, आम्ही खिचडी शिजवू. शेवटी वही आली. मेस कमिटीतल्या मुलींनी ती दोन रात्री बसून उतरवून काढली. त्यात दिसलं ते असं, की मुली गावी गेल्या, आजारी पडल्या, त्या दिवसांचे खाडे धरायचे आणि पैसे परत द्यायचे असं करारात लिहिलेलं होतं, पण कोणालाच परत मिळाले नव्हते. तीन दिवस आधी लेखी कळवलं तरच खाडा धरू, असा नियम ठेकेदाराने स्वतःच लावला होता, करारात तो नव्हता. जी रक्कम निघाली ती मुलींनी आपसात वाटून घेतली नाही. त्यांनी ठराव केला, की यातून ज्यांचे पैसे घरून थांबले आहेत त्यांची थकबाकी भागवावी. त्या मुलीला कमवा व शिका योजनेतून मेसच्या हिशोबाचंच काम दिलं. तिने परीक्षा दिली. पुढे तिचं काय झालं ते तिचं तिने सांगावं.

असे पैसे काही वाटेत सांडत नाहीत. मेसचं कंत्राट सर्वात कमी दराला जातं. दर कमी लावला की बचत कुठे करायची हे ठरलेलं असतं. डाळ पातळ होते, तेल बदलतं, दूध पाण्यासारखं होतं आणि बायांचा पगार अडतो. मुलींच्या मेसमध्ये आणखी एक गृहीत असतं, 'मुली कमी खातात'. दर ठरवताना ते उघड बोलतात. बरोबर, कमी खातात. कारण सकाळची मेस उघडते तेव्हा तासिका सुरू झालेली असते, रात्रीची बंद होते तेव्हा प्रयोगशाळेतली मुलगी परतलेली नसते, आणि रविवारी रात्री मेसला सुट्टीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वसतिगृहातल्या मुली याच वयाच्या. आपण गावोगाव लोहाच्या गोळ्यांवर शिबिरं घेतो. मेसचा दर ठरवणाऱ्या बैठकीत मात्र पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, अंडं किती वेळा, हे विचारणारी एकही बाई नसते.

आता या बाजूला बसलेल्या मावशींविषयी. आमच्या मेसमध्ये आचारी पुरुष होता आणि त्याच्या हाताखाली नऊ बाया. पोळ्या लाटायच्या त्यांनी, भाजी चिरायची त्यांनी, भांडी त्यांनी. घरात स्वयंपाक बाईचा, आणि त्याच स्वयंपाकाला पगार आला की मोठा झारा पुरुषाच्या हातात जातो. पगार रोख, ठेकेदाराच्या मर्जीने. भविष्यनिर्वाह निधीचं नाव नव्हतं. किमान वेतनाचा तक्ता भिंतीवर होता, इंग्रजीत.

एका संध्याकाळची गोष्ट सांगते. आमच्या मुलींना आत यायची वेळ साडेसात. का, तर कॅम्पसमागचा रस्ता अंधारा आहे, कुत्री आहेत, टोळकी बसतात. पावणेदहाला भांडी आटपून मावशी त्याच रस्त्याने, त्याच अंधारातून, मागच्या वस्तीकडे चालत निघाल्या होत्या. मी फाटकाशी उभी होते. चौकीदाराने त्यांच्या पिशव्या तपासल्या, पोळ्या नेत नाहीत ना म्हणून. रस्त्यावर दिवा का नाही, हे कोणालाच सुचलं नव्हतं. सुरक्षितता खरंच हवी असती तर तो दिवा वीस वर्षांपूर्वी लागला असता. मुलींना आत ठेवायला खर्च येत नाही, दिव्याला येतो. पुढे मुली आणि मावशी या दोघींच्या सह्यांचा एकच अर्ज आम्ही दिला, तेव्हा तीन महिन्यांत खांब आले. नुसत्या मुलींच्या अर्जावर आधी उत्तर मिळालं होतं, तुम्ही साडेसातनंतर बाहेर जाताच कशाला?

याच ओघात एक सांगून ठेवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी कामगार बाईलाही लागू आहे. ठेकेदाराची माणसं म्हणून विद्यापीठाला हात झटकता येत नाहीत. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं मेसच्या स्वयंपाकघरात, मराठीत, वाचता न येणाऱ्या मावशींना कोणीतरी वाचून दाखवून, लागली पाहिजेत. ती कुलसचिवांच्या कार्यालयाबाहेर काचेच्या पेटीत लावून कोणाला कळणार?

जातीचा प्रश्न मेसमध्ये ताटावरून कळतो. आयआयटी मुंबईच्या एका वसतिगृहात २०१८ मध्ये मांसाहार करणाऱ्यांनी वेगळ्या थाळ्या घ्याव्यात, अशी सूचना निघाली. तिथेच २०२३ मध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी ठरवली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. हैदराबाद विद्यापीठात पाच दलित संशोधकांना काढलं तेही आधी वसतिगृहातून, डिसेंबर २०१५ मध्ये. ते उघड्यावर झोपले, आणि १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. विद्यापीठ एखाद्याला नको असलं, की पुस्तक नंतर काढून घेतं, खाट आणि ताट आधी. आमच्याकडे प्रकार छोटा होता. भांडी घासणाऱ्या एका बाईला कणीक मळायला घेतलं तेव्हा दोन पालकांनी तोंडी तक्रार केली. लेखी द्या म्हटल्यावर दिली नाही. मेस कमिटीने मग कामाच्या पाळ्याच लावल्या. आठवड्याला कामं बदलतील, कणीक सगळ्या मळतील, भांडी सगळ्या घासतील. दोन मुलींनी महिनाभर बाहेरून डबा लावला. डबा महाग पडला, परत आल्या. त्यांचं मन बदललं की नाही मला माहीत नाही, पण कणकेचं काम त्या बाईकडे राहिलं.

आणि आता तर मेसच नको, पैसे घ्या, असं धोरण पुढे येतं. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यावर टाकायचं ठरवलं. जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकला चालत निघाले. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला पैसे नकोत, जेवण द्या. तेव्हा शहरातल्या शहाण्या माणसांना ते कळलं नाही. हातात पैसे मिळतायत तर बिघडलं कुठे? मी त्या काळात अशा काही मुलींशी बोलले. एकीच्या खात्यावर पैसे आले की घरून फोन यायचा, भावाच्या औषधाला पाठव. दुसरी चौघींचं रांधायची, कारण डबा परवडत नव्हता आणि चौघींमध्ये तिलाच भाकरी चांगली जमायची. मेस बंद झाल्यावर स्वयंपाक बंद होत नाही, तो पुन्हा मुलींच्या अंगावर येऊन पडतो, अभ्यासाच्या वेळातून, फुकट. शिवाय मेसमध्ये राबणाऱ्या बायांचं काम जातं ते वेगळंच. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, ती चांगली आहे, लढून टिकवली पाहिजे. पण जागा नाही म्हणून पैसे देणं वेगळं आणि असलेली चूल विझवून पैसे देणं वेगळं. याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांनी संप केला तो शिक्षणशुल्कासाठी नव्हे. शिष्यवृत्तीस पात्र दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या आणि भोजनगृहाच्या पैशांतून जी सूट होती ती काढून घेतली म्हणून. २०१९ मध्ये जेएनयूत तर दोन्ही वह्या एकदमच आल्या. नव्या नियमावलीच्या मसुद्यात एकटीच्या खोलीचं भाडं वीस रुपयांवरून सहाशे, आणि त्याच कागदात रात्री परतायची वेळ आणि भोजनगृहात 'योग्य' पोशाखात येण्याची अट. तिथल्या मुलींनी या गोष्टी वेगवेगळ्या मानल्या नाहीत, म्हणून मला ते आंदोलन फार जवळचं वाटतं.

मुलींनी स्वतः मेस चालवावी का? काही अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांत मुलगे चालवतात. मी याच्या बाजूची आहे, पण एक सांभाळायला हवं. मुलगा मेस सेक्रेटरी झाला की तो हिशोब बघतो आणि पुढे नोकरीच्या अर्जात 'व्यवस्थापनाचा अनुभव' लिहितो. मुलगी झाली की तिला पहाटे भाजीच्या ट्रकपाशी उभं करतात. हिशोबाच्या कामाला मानधन असलं पाहिजे, मुदत असली पाहिजे आणि सही करायचा अधिकार असला पाहिजे. नाहीतर आपण आणखी एका पिढीला घर चालवायलाच शिकवू. मेस कमिटीत मावशींच्या दोन प्रतिनिधी असाव्यात, आणि बैठक त्यांच्या वेळेला, म्हणजे दुपारी तीन ते चार या तासात व्हावी. आम्ही संध्याकाळी सहाला घेत होतो तोवर एकही मावशी येऊ शकत नव्हती.

दिवाळी आणि मे महिन्याचं राहिलंच. सुट्टीत वसतिगृह बंद, मेस बंद, मुलींनी घरी जावं. सगळ्या मुलींना घर असतं असं धरूनच हा नियम केलेला आहे. लग्न मोडून आलेली, नवऱ्याने टाकल्यावर पुन्हा शिकायला आलेली, जातीबाहेर लग्न केल्यामुळे माहेर तुटलेली, अशा मुली दर वर्षी पाच-सहा तरी असतात आणि सुट्टी जवळ आली की त्या गप्प होतात. एक मजला आणि एक चूल चालू ठेवायला फार पैसे लागत नाहीत. ज्या शहरात आपली संघटना आहे तिथे निदान हे तरी आपण मागू शकतो.

आता कामाचं. सरकारी विद्यापीठाचं मेसचं कंत्राट, त्यातले दर, खाड्याचा नियम, कामगारांच्या वेतनाची नोंद, मुलींकडून घेतलेल्या अनामत रकमेचं काय झालं, हे सगळं २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागता येतं. दहा रुपयांचा अर्ज. मुलीच्या नावाने करू नका, तिला त्रास होतो. संघटनेतल्या बाहेरच्या एकीने स्वतःच्या नावाने करावा. निविदा उन्हाळ्यात निघतात आणि जूनमध्ये मुली आल्या तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, म्हणून अर्ज मार्चच्या आत गेला पाहिजे. उत्तराला तीस दिवस धरा. अर्जाचा नमुना मी मराठीत करून आणला आहे, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी घेऊन जावा, आणि आपल्या विद्यापीठाचं उत्तर आलं की त्याची एक प्रत मला पाठवावी.